शंभर एकरांना एक एकर

रोहिणी सरत आली की गोंदिया, तिरोडा, आमगावच्या कृषी केंद्रांत एकच विचारणा सुरू होते : ‘१०१० आली का?’ मागणाऱ्याला कंपनीशी देणेघेणे नसते, त्याला आकडा हवा असतो. पूर्ण नाव एमटीयू-१०१०. त्यातले एमटीयू म्हणजे मारुटेरू, आंध्रातल्या गोदावरीच्या मुलखातले एक गाव आणि तिथले धान संशोधन केंद्र. हे गाव कुठे आहे, हे आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांना ठाऊक असेल कोण जाणे. पण तिथे निपजलेले बी झाडीपट्टीच्या बांध्यांत रुजून गेले आहे.

वाण चांगला असणे ही एक गोष्ट आणि त्याचे चांगले बी पऱ्हे टाकायच्या दिवशी हातात असणे ही दुसरी. पहिली गोष्ट संशोधन केंद्रात घडते. साकोली आणि सिंदेवाहीची केंद्रे आपल्या उंबऱ्यावर आहेत, वाणांचा दुष्काळ नाही. घोडे अडते ते दुसऱ्या गोष्टीपाशी. पाऊस आला, बांधी तयार झाली आणि हवे ते बी दुकानात नाही, म्हणून मिळेल ती पिशवी उचलायची. मग भारी धानाच्या बांधीत हलके धान येते आणि पाणी असतानाच कापणीची वेळ होते.

चांगले बी म्हणजे काय, याचे सरकारी माप अगदी नेमके आहे. प्रमाणित धान बियाण्यात शंभरातले किमान ८० दाणे उगवले पाहिजेत, ९८ टक्के माल शुद्ध हवा आणि ओलावा १३ टक्क्यांच्या वर नको. पिशवीला निळी खूणचिठ्ठी असली की ते प्रमाणित. त्याच्या वरची पिढी पायाभूत बियाण्याची, तिची चिठ्ठी पांढरी; त्याहून वरची पैदासकाराची, ती सोनेरी पिवळी. हिरवी चिठ्ठी म्हणजे सत्यप्रत : माझ्या मालाची हमी मीच देतो, असे विकणारा सांगतो. निळ्यावर विश्वास ठेवायचा की हिरव्यावर, हा वाद पारावर नेहमीचा आहे. मला विचाराल तर चिठ्ठी कोणतीही असो, शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळावेत आणि आठवडाभराने मोड मोजावेत. पोते खोटे बोलत नाही.

आता धानाच्या फुलाकडे बघू, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. हे फूल सकाळी उशिरा तासा-दोन तासांपुरते उघडते आणि उघडता उघडताच त्याचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात. शेजारच्या बांधीतल्या वाणाला संधीच मिळत नाही. म्हणून धानाच्या बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये अवघे तीन मीटर अंतर पुरते. बाजरीला हेच अंतर २०० मीटर लागते, कारण तिचे पराग वाऱ्यावर स्वार होतात. धानाच्या सरळ वाणाचे बी त्यामुळे घरी राखता येते आणि नातू आजोबासारखाच निघतो. संकरित धानाचे तसे नाही. त्याचे पुढल्या वर्षी पेरलेले बी फुटते : कुठे उंच, कुठे ठेंगणे, कुठे आधी निसवलेले. ते दर वर्षी विकतच घ्यावे लागते.

सरळ वाणाचा हिशेब मात्र सोपा आहे. रोवणीच्या एका एकराला पंधरा-वीस किलो बी लागते आणि पीक साधले तर तेवढेच क्विंटल धान निघते. एकाचे शंभर. म्हणजे पाचशे एकर धान असलेल्या गावाला बियाण्यासाठी पाच एकर नीट सांभाळले तरी पुरे. चाळणीत जाईल ते धरून सात म्हणा. एवढी जमीन गावोगाव आहे. महाबीज १९७६ पासून शेतकऱ्यांकडूनच बी पिकवून घेते, ग्रामबीजोत्पादनाच्या योजनाही आहेत. तरी हे पाच एकर गावाचे म्हणून कुणी राखत नाही, कारण बियाण्याचे धान आणि खायचे धान यांत आपण फरक करणे सोडले आहे.

तो फरक कापणीनंतर सुरू होतो. आधारभूत केंद्रावर १७ टक्के ओलाव्यापर्यंतचे धान चालते. भरडाईला ते ठीक आहे. बी मात्र जिवंत असते, कोठीत पडून श्वास घेत असते. हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाने ढोबळ नियम सांगितला : ओलावा एका टक्क्याने उतरवला की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते आणि तापमान पाच अंशांनी उतरवले तरी दुप्पट. पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात तापमान कोण उतरवणार? पण नोव्हेंबर-डिसेंबरचे ऊन फुकट आहे. १४ टक्क्यांवरून १२ वर आणले तर आयुष्य चौपट. ओले बी प्लास्टिकच्या गोणीत कोंडले तर त्याच नियमाचा फटका उलट बसतो. पेरणीआधीचा मिठाचा उपाय तर प्रत्येक कृषी सहायकाला पाठ आहे : दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगेल ते काढून टाका, बुडेल ते दोनदा धुऊन सावलीत वाळवा. पोचट आणि रोगट दाणे वर येतात, भरलेले तळाशी जातात. खर्च मिठाचा.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आफ्रिकेतले पाच देश आणि हैती इथल्या लहान शेतकऱ्यांच्या बियाण्याचा माग काढला गेला. सुमारे ९० टक्के बी घरचे, शेजाऱ्याचे किंवा आठवडी बाजारातले निघाले. निम्मे तर बाजारातलेच. म्हणजे तिथली खरी बियाणे कंपनी म्हणजे बाजारात शेंगा आणि ज्वारी मांडून बसणारी बाई. टांझानियाने त्यावर मधली वाट काढली. गावातल्या प्रशिक्षित शेतकऱ्याने बी पिकवायचे, सरकारी यंत्रणेने सगळे प्लॉट न तपासता त्यातले काही तपासायचे आणि ते बी ठरलेल्या हद्दीतच विकायचे. निळ्या आणि हिरव्या चिठ्ठीच्या मधली ही चिठ्ठी. आपल्या पाच एकरांना ती शोभली असती.

कायदा आपल्याकडेही आडवा येत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने पिशवी भरून विकता येत नाही. आणि हातोहात जाणारे बी किती लांब जाते, याचा दाखला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ आधी शेतकऱ्यांच्या हातांनीच पसरला. नाव दिले तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाचे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये बी नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. श्रेयाचा वाद पुढे बराच चालला, दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये ते गेले. जमीन त्यांच्याकडे नावालाच होती.

बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये धान निसवले की भेसळ काढतात. बांधीत ओळीने फिरायचे आणि उंचीने, रंगाने, टोकाच्या कुसळाने वेगळे दिसेल ते झाड मुळासकट उपटायचे. काम कंटाळवाणे, पण शुद्धता त्याच्यावरच उभी असते. १९८३ मध्ये दादाजींना पटेल-३ या वाणाच्या शेतात पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या आणि त्यांनी त्या जपून ठेवल्या. ते शेत प्रमाणित बियाण्याचे असते, तर त्या तिन्ही लोंब्या निरीक्षकाने आधी उपटायला लावल्या असत्या.