उन्हाची आणेवारी

विहिरींत पाणी मोजकें असतां पिकास तें केव्हां व किती द्यावें, हें ठरवितांना शेतकरी पाऊस पाहतो, जमिनीची ओल पाहतो. परंतु ऊन किती पडलें याचा हिशेब ठेवणारे विरळाच. वस्तुतः जमिनींतील व पानांतील पाणी उडवून नेणारी मुख्य शक्ति उन्हाचीच होय.

ही शक्ति प्रत्यक्ष मोजणारीं यंत्रें थोड्याच ठिकाणीं असतात. दिवसांतून किती तास ऊन पडलें याची नोंद मात्र पुष्कळ वेधशाळांत सांपडते. त्यासाठीं कांचेचा भरीव गोळा उघड्यावर ठेवितात. तो भिंगाप्रमाणें किरण एकवटून मागील कागदी पट्टीवर पाडतो, व जितका वेळ ऊन स्वच्छ असेल तितकी पट्टी करपते. कॅंबेल यांनीं १८५३ सालीं काढलेली ही युक्ति स्टोक्स यांनीं १८७९ सालीं सुधारली.

या तासांवरून शक्ति काढण्याची रीत स्वीडनचे आंग्स्ट्रॉम यांनीं १९२४ सालीं दाखविली व ऑस्ट्रेलियांतील प्रेस्कॉट यांनीं १९४० सालीं ती अधिक सोयीची केली. आणेवारीच्या जुन्या भाषेंत ती आम्ही अशी सांगतों: वातावरणाच्या माथ्यावर येणारी शक्ति सोळा आणे धरावी. सूर्य दिवसभर ढगांआड राहिला तरी त्यांतील चार आणे जमिनीस पोहोंचतात. आणखी आठ आणे, दिवसमानाचा जितका भाग ऊन पडलें असेल, त्या प्रमाणांत मिळतात. म्हणजे निरभ्र दिवशींही बारा आणेच हातीं येतात. स्थानिक मोजणी नसेल तेथें हेच आंकडे धरावे, असें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९९८ सालीं सुचविलें.

उदाहरणार्थ पुणें घेऊं. तेथें जानेवारीच्या मध्यास दिवसमान ११ तास व माथ्यावरची शक्ति दर चौरस मीटरास सुमारें २७.५ मेगाज्यूल असते. जुलैच्या मध्यास १३ तास व ३९. समजा, जानेवारींत ९ तास ऊन पडलें व जुलैंत चारच. वरील रीतीनें जमिनीवर अनुक्रमें सुमारें १८ व १६ मेगाज्यूल येतात. तास निम्म्याहून कमी झाले, पण शक्ति अष्टमांशानेंच घटली!

एक लिटर पाणी उडविण्यास सुमारें २.४५ मेगाज्यूल लागतात. १६ मेगाज्यूल सर्वच त्या कामीं लागले, तर चौरस मीटरामागें साडेसहा लिटर पाणी जाईल. कांहीं शक्ति पानांवरून परत फिरते, कांहीं हवा तापविण्यांत खर्च होते, हवा दमट असेल तर पाणी आणखी कमी उडतें. म्हणून प्रत्यक्ष खर्च याहून कमीच धरावा. तथापि तो शून्य नव्हे.

हा अंदाज एका दिवसापेक्षां दहा दिवसांच्या किंवा महिन्याच्या सरासरीवर अधिक भरंवशाचा ठरतो. पावसानें ओढ दिली असतां, आभाळ भरलेलें आहे एवढ्यावरून पिकास पाण्याची गरज नाहीं असें शेतकरी बंधूंनीं समजूं नये. ढगांआडूनही चार आण्यांची वसुली रोज चालूच असते. जमीन उकरून ओल पाहावी व मगच पाण्याची पाळी लांबवावी.