घर उतरवणारे गाव

१ एप्रिल २०२६ पासून बांधकामाच्या राडारोड्याचे नवे केंद्रीय नियम लागू झाले. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे काम काढणाऱ्यावर आता मलब्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधात एवढे मोठे घर कोण बांधतो? इथले डबर ओढ्यातच जाणार.

खटाव-माण-आटपाडीच्या या पट्ट्याला पुनर्वापर शिकवावा लागत नव्हता. माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर पाडत नसत, उतरवत. तुळया, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या भावांच्या वाटणीत मोजून घेतल्या जात. पडक्या भिंतीची पांढरी माती भिजवून नवी भिंत उभी राही. फुटक्या विटा कुटून सुरखी होई आणि ती चुन्यात मिसळे. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले, १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला. रीत मात्र टिकली.

ती मोडली नव्वदच्या दशकात.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखाली माणसे गाडली गेली. बळी सुमारे दहा हजार. माळवदाची भीती खोटी नव्हती. पण माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, हा जाणकारांचा सल्ला ऐकायला कुणाला सवड होती? सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेल्या खानापूर-आटपाडीकरांचा पैसा गावी येत होता, आणि स्लॅब नसेल तर सोयरीक अडते असे सांगणारे पाहुणे घरोघरी होते. व्यापारी बोलेल त्या भावाने सागवान वखारीला गेले. कोरीव चौकटी शहरातल्या हॉटेलांच्या दारांना लागल्या. ज्यांनी त्या कवडीमोलाने दिल्या, तेच आता तिथे फोटो काढतात.

त्या घाईतले स्लॅब आता गळू लागले आहेत. ते उतरवता येत नाहीत, फोडावेच लागतात. जेसीबी येतो, सळई भंगारात जाते, उरलेले ओढ्यात. वास्तविक २०१६ च्या भारतीय मानकाने एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटची खडी १०० टक्के चालवून घेतली आहे. तरी नव्या खडीसाठी डोंगर फोडणे चालूच.

संस्थानाच्या १९३९ च्या राज्यघटनेने ज्या औंधात पंचायतींच्या हाती कारभार दिला, तिथल्या ग्रामपंचायतीला डबर साठवायला एक जागा राखणे जड जाऊ नये. आणि ज्यांचे माळवद अजून उभे आहे, त्यांनी जेसीबीवाल्याच्या आधी सुताराला बोलवावे.