गुडूचीची ओळख आणि संगणक

अमृता, छिन्नरुहा अशा नावांनी गौरविलेली गुडूची वर्धा जिल्ह्यातील वैद्यांना नवी नाही. निंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ, हे आपल्याकडे खेड्यातील आजीबाईही सांगते. 2020 च्या कोरोनाकाळात मात्र वैद्याला न विचारताच घरोघरी तिचे काढे उकळू लागले. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची खात्री केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. 2022 मध्ये टिनोस्पोरा क्रिस्पा या सजातीय वेलीपासून सावध राहण्याची सूचनाही दिली.

ताजी वेल हाती असता भेद कठीण नाही. क्रिस्पाच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात. परंतु औषधालयात येते ते चूर्ण, आणि तेथे रूपज्ञान थांबते. सूक्ष्मदर्शक व टीएलसी यांनी बराच उलगडा होतो. सजातीय द्रव्यांत तेही कधी अपुरे पडतात.

अशा वेळी डीएनए उपयोगी पडतो. द्रव्यातून तो वेगळा करून त्याचा ठराविक तुकडा, उदाहरणार्थ आयटीएस-2, वाचला जातो. हाती येते ती ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक ओळ. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेली 'ब्लास्ट' ही प्रणाली ही ओळ जेनबँकेतील नोंदींशी ताडून किती अक्षरे जुळतात ते सांगते. ती इंटरनेटवर विनामूल्य आहे. आयटीएस-2 चे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्याची आरएनए प्रत स्वतःवरच दुमडून चार फाट्यांची आकृती धारण करते. कमीत कमी ऊर्जेची घडी कोणती, याचे गणित करून 'एमफोल्ड' ही प्रणाली त्या आकृतीचा अंदाज बांधते. अक्षरांत साम्य असलेल्या जाती कधी या घडीत वेगळ्या दिसतात.

तथापि, जेनबँकेतील नोंदीवर नावच चुकीचे असेल तर संगणक तेच चुकीचे नाव विश्वासाने सांगेल. काढा व अरिष्ट यांत डीएनएचे तुकडे होतात, म्हणून परीक्षा कच्च्या द्रव्याचीच करावी. खोड की पान, वेल कोवळी की जून, वीर्य किती, हे त्या अक्षरांत लिहिलेले नसते. शिवाय केवळ भेसळीकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. 2022 मध्येच देशातील अनेक केंद्रांतून अशा 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील बऱ्याच जणांत स्वप्रतिकारक विकाराची लक्षणे होती. रुग्णपरीक्षा व मात्रा हा विचार वैद्याचाच आहे.

जिल्ह्यातील औषधालय-मालकांना आमचे सुचवणे एवढेच : प्रत्येक खेपेतील मूठभर द्रव्य तारीख व पुरवठादाराच्या नावासह जपून ठेवावे. ओल्या वेलीचा वाळवलेला नमुना सालोड (हिरापूर) येथील आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागातील तज्ज्ञांकडून ओळखून घ्यावा. शंका आल्यास चार-पाच औषधालयांनी मिळून नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत; एकट्याला तो खर्च जड जातो.