कोकण किनाऱ्याने सायकल: सामान कशात भरायचं?

अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याकडे जायचंय? मग पाठीवर सॅक नकोच. घाम, खांदेदुखी आणि उतारावर डोलणारा तोल, तिन्ही फुकट मिळतात. वजन सायकलने वाहावं, तेही जितकं खाली तितकं बरं. म्हणजे मागे कॅरियर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे अडकवायच्या पिशव्या.

कॅरियर घेण्याआधी मागच्या आसाजवळ फ्रेमला बोल्टची भोकं आहेत का ते बघा. कार्बनच्या रेसिंग फ्रेमला ती बहुधा नसतात. तिथे सीटखालची आणि हँडलवरची बॅग. पॅनियर अडकवून पेडल मारा, टाच घासली तर मागे सरकवा. खडबडीत रस्त्यावर कॅरियरचे बोल्ट सैल होतात. रोज संध्याकाळी ॲलन की फिरवायची, चार जादा बोल्ट जवळ ठेवायचे.

तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणाराच घ्या. जांभ्याच्या सड्यावर खुंटी शिरत नाही आणि पुळणीत टिकत नाही! आतून जाळी, वरून वेगळं कापड असा दुहेरी हवा. हिवाळ्यात पहाटेच्या दवाने एकेरी तंबू आतून ठिबकतो. जाड स्लीपिंग बॅग किनाऱ्यावर कशाला? चादर पुरते. मॅट मात्र हवीच.

स्टोव्ह मी नेत नाही. वाटेत खानावळी आहेत, आणि वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटींसाठी खाडीपर्यंत उतरलं की पलीकडे लगेच चढ असतो. तिथे एकेक किलो जाणवतो.