तारीख गळालेला फोटो

समाजमाध्यमं समजून घेताना : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण पाहिलं की समाजमाध्यमावर प्रत्येक वाचक हा प्रकाशकही असतो. एखादी गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्यात काय बदल होतो, हे आज पाहू. त्यासाठी लांब जायची गरज नाही. भिगवण आणि उजनीचं पाणी पुरेसं आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. एरवी जलाशयात बुडालेलं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, लोक चालत जाऊन ते पाहून आले आणि फोटो सगळीकडे फिरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीचा फोटो खरा होता आणि काठोकाठ पाण्याचाही. पण कोरड्या जमिनीचा तो फोटो कुणी ऑगस्टमध्ये किंवा पुढच्या वर्षी तारखेशिवाय पुढे पाठवला, तर त्यातला एक ठिपकाही न बदलता तो खोटा ठरतो.

हे घडतं कसं, ते नीट समजून घेऊ. मोबाइलने फोटो काढला की त्या फाइलच्या पोटात तारीख आणि वेळ नोंदली जाते. लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की फाइल लहान होते आणि ही नोंद निघून जाते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून उतरवून घेतलेल्या फोटोतही ती मिळत नाही. याचा फायदा आहे : अंगणात काढलेल्या फोटोवरून आपल्या घराचा ठावठिकाणा अनोळखी माणसाला काढता येत नाही. पण याच सोयीमुळे फोटो कधीचा आणि कुठला, हे सांगणारं त्याच्यासोबत काहीच उरत नाही. खाली दिसते ती मेसेज आल्याची वेळ, आणि घाईत आपण तीच फोटोची वेळ धरून चालतो.

आकड्यांचंही असंच होतं. पावसाळा लागला की इंदापूर, करमाळा, माढ्यापासून पंढरपूरपर्यंतच्या ग्रुपवर दौंडचा विसर्ग आणि उजनीची टक्केवारी रोज फिरते. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आणि वरचा ५३ टीएमसीच्या आसपासचा उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती या वरच्या साठ्याची. पाणी मृतसाठ्यात उतरलं की आकडा उणे होतो. म्हणजे ‘साठ टक्के’ असताना धरणात सुमारे ९५ टीएमसी पाणी असतं आणि ‘उणे साठ टक्के’ असताना जेमतेम ३१. मेसेज टाइप करताना ‘उणे’ हा एक शब्द राहिला तर ६४ टीएमसीचा फरक पडतो. विसर्गाचं तर याहून नाजूक. सकाळी सहाचा आकडा संध्याकाळी सहाला शिळा झालेला असतो, आणि नदीकाठी मोटार ठेवलेल्या शेतकऱ्याला ती वर काढायची की नाही हे त्याच आकड्यावरून ठरवायचं असतं.

आता भिगवणचाच एक फोटो घेऊ आणि त्याचे तीन प्रवास पाहू. फोटो रोहित पक्ष्यांचा, ज्यांना अग्निपंख किंवा सरळ फ्लेमिंगो म्हणतात. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला उथळ पाण्याचा मोठा पट्टा तयार झाला. हिवाळ्यात पाणी उतरू लागलं की चिखलाची पट्टी उघडी पडते आणि रोहित तिथे चोच उलटी बुडवून पाण्यातलं बारीक अन्न गाळून खातात.

पहिला प्रवास व्हॉट्सअ‍ॅपचा. इथे काय पुढे जायचं ते माणसं ठरवतात. २०१६ पासून मेसेज पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद जातो, मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. त्यामुळे मजकूर तपासणारं मधे कुणी नसतं आणि मेसेज चालतो तो विश्वासावर. मामाने पाठवलाय, गावच्या ग्रुपवर आलाय, एवढं पुरतं. या विश्वासाने भिगवण परिसरातल्या नाववाल्यांचं भलंही झालं आहे. मासेमारी करणारी ही माणसं हिवाळ्यात पक्षी दाखवायला नाव काढतात. पुण्या-मुंबईचा पर्यटक मधल्या दलालाशिवाय थेट त्यांच्या फोनवर येतो आणि पाहुणे आज पाहिलेल्या पक्ष्यांचे फोटो पुढच्या पाहुण्यांपर्यंत पोचवतात. पण फेब्रुवारीतला थवा पुढच्या डिसेंबरात तारखेशिवाय फिरला की गाड्या भरून लोक येतात. पाऊस लांबलेला, धरण अजून भरलेलं, चिखलाची पट्टी पाण्याखाली आणि रोहित आलेलेच नाहीत. मग बोल लागतो तो नाववाल्याला.

दुसरा प्रवास इन्स्टाग्रामचा. इथे निवड यंत्र करतं. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं आणि तुम्ही कशावर थांबाल याचा अंदाज बांधून क्रम लावायला सुरुवात केली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात रील्स सुरू झाले आणि ओळखीच्या माणसांपलीकडचे अनोळखी व्हिडिओ समोर येण्याचं प्रमाण वाढलं. बोट किती वेळ थांबलं, व्हिडिओ पूर्ण पाहिला का, कुणाला पाठवला का, अशा खुणांवरून पुढचा क्रम लागतो. चिखलात मान घालून चरणाऱ्या रोहितांवर बोट थांबत नाही. तोच थवा गुलाबी-काळे पंख उघडून उडाला की थांबतं. म्हणून ‘जरा जवळ घ्या, उडू द्या’ असा आग्रह नावेत होतो. इंजिन थव्याकडे वळलं की पक्षी खाणं सोडून उठतात आणि पुन्हा बसेपर्यंत अंगातली ताकद खर्च करतात. पाहणाऱ्याला सुंदर रील दिसतं, ते कसं मिळालं हे दिसत नाही. यंत्राने कुणालाही पक्षी उडवायला सांगितलेलं नाही. लाखो बोटं कुठे थांबतात एवढंच ते मोजतं, आणि त्या मोजणीचा दाब भिगवणच्या पाण्यापर्यंत पोचतो.

तिसरा प्रवास ई-बर्डचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ही नोंदवही ऑनलाइन सुरू केली. जगभरचे हौशी पक्षीनिरीक्षक तिच्यात लिहितात. इथे जागा आणि तारखेशिवाय यादी स्वीकारलीच जात नाही. किती वाजता पाहिलं, किती वेळ पाहिलं, किती पक्षी होते हेही विचारलं जातं. नेहमीपेक्षा वेगळी नोंद आली तर जाणकार स्वयंसेवक उलट प्रश्न विचारतात. अशा सुमारे तीन कोटी नोंदींवर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल उभा राहिला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि नोंदी करणारे तीस हजारांच्या घरातले बहुतेक हौशी लोकच आहेत.

थवा एकच, मोबाइल एकच, माणूसही एकच असू शकतो. पहिल्या वाटेने गेलेला फोटो गैरसमज झाला, दुसऱ्या वाटेने करमणूक, तिसऱ्या वाटेने ज्ञान. फरक पडला तो सोबत काय ठेवलं आणि काय गळू दिलं यामुळे.

हे गळणं किती महागात पडतं, ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून जगणारी ती माणसं आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची होती. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत बनवलेली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागं करण्यासाठी ती केली होती, आणि शेवटी मोटारसायकलवरचा माणूस मूल परत आणून सोडतो. तो शेवट कापून उरलेला तुकडा खऱ्या अपहरणाचा म्हणून पुढे गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम झाला. दोन बाणांची खूण दिसते तो हाच मेसेज. ती खूण मेसेज खूप फिरलाय एवढंच सांगते, तो खरा की खोटा हे सांगत नाही.

कंपनीने वेग कमी केला. गळालेली तारीख, जागा आणि सांगणारा परत जोडणं मात्र आपल्याच हातात आहे, आणि ते अवघड नाही. धरणाचा आकडा पाठवताना दिवस, वेळ आणि आकडा जलसंपदा विभागाचा आहे की ऐकीव, हे लिहावं. फोटो आपण काढला असेल तर ‘कुंभारगाव, फेब्रुवारी २०२५’ अशी ओळ खाली टाकावी. फोटो दुसऱ्याचा असेल तर पाठवणाऱ्याला ‘कधीचा? कुठला?’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नये. ग्रुपचा ॲडमिन असाल तर हे प्रश्न विचारणं हा ग्रुपचा रिवाज करावा, म्हणजे विचारणाऱ्याला संकोच वाटणार नाही. आणि नावेत बसाल तेव्हा नाववाल्याला आपणहून सांगावं की लांबूनच थांबवा. पाहुणेच असं म्हणू लागले तर थव्यात नाव घालायचा दाब त्याच्यावर राहणार नाही.

पुढील लेखांकात : गावच्या ग्रुपचा ॲडमिन, त्याचे अधिकार आणि त्याची जबाबदारी.