सातबाऱ्यावरचे नाव कुठे जाते? ओआरएमच्या जोडणीतले दोष कसे शोधावेत

(दिघाशी, ता. भिवंडी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने प्रोग्रॅममधल्या बिघाडांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आजचा विषय मुळात संबंधाचा आहे. दोन वस्तूंमधला संबंध कोणत्या जातीचा, हा प्रश्न आमच्या शास्त्रात शतकानुशतके चघळला गेलाय. आम्ही त्या वाटेने इकडे आलो, एवढंच.

उदाहरण सातबाऱ्याचे घेऊ. तो काय असतो हे दिघाशीत सांगायला नको. गाव नमुना सातवर जमीन कुणाची ते, बारावर पीक, आठ-अवर एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी, आणि नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. कुठल्याही चालू प्रणालीबद्दल हे बोलणे नाही, बरं का. उदाहरणापुरता एक छोटा प्रोग्रॅम आपण मनातल्या मनात लिहू.

जावामध्ये लिहिणारा मुलगा ‘जमीन’ नावाची वस्तू करतो आणि तिच्या पोटात खातेदारांची यादी ठेवतो. तसाच ‘खातेदार’ करतो, त्याच्या पोटात जमिनींची यादी. वाचायला किती सोयीचे! पण डेटाबेसच्या टेबलाला पोट नसते. एडगर कॉड यांनी १९७० साली जी रिलेशनल मांडणी सुचवली, तिच्यात एका रकान्यात एकच मूल्य बसते, आणि दोन टेबलांचा संबंध फक्त मूल्य जुळण्यातून कळतो. एका जमिनीला अनेक खातेदार, एका खातेदाराच्या अनेक जमिनी, म्हणून तिसरे टेबल लागते. त्याला ‘हिस्सा’ म्हणू. त्यात जमिनीचा क्रमांक, खातेदाराचा क्रमांक, किती हिस्सा आणि कोणत्या फेरफाराने आला, एवढे रकाने.

वस्तूंची भाषा एक, टेबलांची दुसरी. मधला दुभाषा म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, ओआरएम. जावातला हायबरनेट हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, आणि आज असे दुभाषे जवळजवळ प्रत्येक भाषेत आहेत. दुभाष्याला दिलेल्या सूचना म्हणजे कॉन्फिगरेशन. बिघाड बहुतेक वेळा त्या सूचनांत असतो.

काही बिघाड ओरडतात. रकानाच सापडत नाही, असा एरर येतो. कोडमध्ये दोन शब्दांचे नाव मधले अक्षर कॅपिटल करून जोडून लिहिलेले असते, टेबलात त्यांच्यामध्ये अंडरस्कोअर असतो, आणि नावे कशी बदलायची याचा नियम चुकीचा निवडलेला असतो. किंवा जमीन वाचून झाली, सेशन बंद झाले, आणि मग कुणीतरी तिच्या खातेदारांची यादी मागितली. ती आळसाने, म्हणजे लागेल तेव्हाच आणायची असे ठरलेले, आणि आता आणायला वाटच उरलेली नाही. असे एरर त्रास देतात, पण फसवत नाहीत. ओरडणाऱ्या पोराची आईला काळजी कमी असते. गप्प बसलेले पोर काय करतेय, ते आधी बघावे लागते.

म्हणून पहिले काम एकच : दुभाषा डेटाबेसला नेमके काय सांगतो ते ऐका. हायबरनेटमध्ये ‘शो एसक्यूएल’ नावाचा खटका आहे, तो चालू करा. कोड वाचून तर्क लढवू नका. शंभर खातेदारांच्या एका पानासाठी एकशे एक क्वेऱ्या जाताहेत, हे लॉगमध्ये दोन मिनिटांत दिसते, कोडमध्ये दोन दिवसांत दिसत नाही.

मराठी नावांचा एक घोळ मध्येच सांगतो. ‘दिघाशी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये काने-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून सहा चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे अठरा. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी वेगळे काही सांगितले नाही तर बाइटमध्ये धरतात. तिथे वीसच्या रकान्यात दिघाशी जेमतेम मावते. मायएसक्यूएलमध्ये वीस म्हणजे वीस चिन्हे. एकाच कॉन्फिगरेशनने दोन्हीकडे काम चालेल असे समजू नये. आणि रकाना जुन्या लॅटिन संचाचा असेल, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग जतन होण्याची भीती असते. तसे झाले की मूळ नाव त्या रकान्यातून परत मिळत नाही.

आता गप्प बसणारे बिघाड. संबंध दोन्ही बाजूंनी लिहिला असेल तर दुभाष्याला एक बाजू मालक म्हणून सांगावी लागते. तो फक्त मालकाच्या बाजूचा बदल टेबलात नेतो. तुम्ही जमिनीच्या यादीत खातेदार घातला, पण मालकी हिश्शाच्या बाजूला आहे आणि हिश्शाला जमीन सांगितलीच नाही, तर स्क्रीनवर नाव दिसते आणि दुसऱ्या दिवशी गायब! रकाना रिकामा चालत नाही असे बंधन टेबलावर असेल तर निदान एरर तरी येतो. नसेल तर काहीच नाही.

दुसरा बिघाड कॅस्केडचा, आणि इथे आम्हाला न्याय-वैशेषिक आठवतात. त्यांनी संबंधाच्या दोन जाती वेगळ्या केल्या. सूत आणि कापड यांचा समवाय : सुतापासून वेगळे काढून कापड राहूच शकत नाही. भिवंडीत हे उदाहरण समजवावे लागू नये. घडा आणि जमीन यांचा मात्र संयोग. घडा उचला, जमीन तिथेच. जमिनीची नोंद गेली की तिची हिश्शाची ओळ उरण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे कॅस्केड योग्य. पण खातेदार जमिनीशिवायही असतो, तो संयोग. घाईत मुलगा प्रत्येक नात्यावर ‘कॅस्केड ऑल’ लिहितो. मग चुकून दोनदा नोंदलेला एक सर्वे नंबर काढला, की हिश्शाच्या ओळी जातात, हिश्शामागून खातेदार जातो, आणि खातेदारामागून त्याच्या इतर सगळ्या जमिनींवरचे हिस्से. सगळे क्रमाने पुसले जाते, त्यामुळे फॉरेन की मध्ये आडवी येत नाही. प्रत्येक कॅस्केडपुढे थांबून विचारा : एकावाचून दुसरे राहू शकते का?

तिसरा आमच्या मते सर्वांत वाईट. चार भावंडे, तीन भाऊ आणि एक बहीण. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि खटपट करून तिचे नाव सातबाऱ्यावर लागले. आता एका भावाच्या नावातली वेलांटी चुकली म्हणून दुरुस्ती उघडली. स्क्रीनवर पहिली तीनच नावे, चौथे पुढच्या पानावर. वेलांटी सुधारली, जतन केले. प्रोग्रॅमने जुनी यादी काढून तीन नावांची नवी यादी ठेवली. ‘ऑर्फन रिमूव्हल’ चालू आहे. दुभाष्याने ताडून पाहिले, चौथे नाव यादीत नाही, आणि ती ओळ पुसली. एरर नाही. स्क्रीनवर ‘जतन झाले’.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात : वस्तू आढळली नाही, यावरून ती नाही हे कळते. पण अट आहे. असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. आपला दुभाषा अंधारातच निकाल देतो. म्हणून अशा यादीवर ऑर्फन रिमूव्हल बंद ठेवा, अख्खी यादी बदलू नका, आलेली ओळ क्रमांकाने शोधून तेवढीच सुधारा, आणि काढायचे असेल तर ‘हे काढ’ असा वेगळा हुकूम लागू द्या. चाचणीही तशीच लिहा : चार नावे घाला, तीन पाठवा, टेबलात चार राहिली का ते मोजा.

एका तरुण श्रोत्याने विचारले की पुसलेली ओळ परत आणता येते का. बॅकअप असेल तर येते, ओआरएमकडे काही नसते. त्यापेक्षा हाताने लिहिलेला जुना सातबारा पाहा. फेरफार मंजूर झाला की जुने नाव खोडत नसत, त्याला कंस करत आणि फेरफार क्रमांक टाकत. तेच टेबलात करा : ‘बंद’ असा एक रकाना आणि शेजारी फेरफार क्रमांक. हायबरनेटला पुसण्याच्या जागी हा रकाना भरायला सांगता येते. फक्त वाचणाऱ्या प्रत्येक क्वेरीला ही अट लागते आहे ना, ते लॉगमध्ये पाहा, विशेषतः कुणी हाताने लिहिलेल्या एसक्यूएलला. नाहीतर आठ-अवर कंसातली नावे पुन्हा चालू होऊन बसतील.