नऊ महिन्यांनी आलेला अहवाल

कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना तपासणीसाठी नेला. मुंबईच्या शासकीय प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला तो डिसेंबरात. गोळीत औषधाचा अंशही नव्हता! पुढे नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातून अशाच २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. वेष्टनावर जिचे नाव होते ती गुजरातेतील कंपनी अस्तित्वातच नसल्याचे उघडकीस आले. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी दाखल केलेले आरोपपत्र सांगते की, ही 'औषधे' हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्च कालवून केलेली होती. आरोपींचे काय ते न्यायालय पाहील. आम्हांस अस्वस्थ करतात ते मधले नऊ महिने.

विष निदान लपत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला, तेव्हा त्या मृत्यूंनीच प्रकरणाला वाचा फोडली आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने शासनयंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली. स्टार्चची गोळी असा बोभाटा करीत नाही. तापाने फणफणलेली शेतमजूर बाई ती विश्वासाने गिळते. ताप हटत नाही. डॉक्टरांना वाटते, जंतूच औषधाला दाद देईनासे झाले. ते अधिक तीव्र औषध लिहितात, नाही तर चिठ्ठी देऊन नागपूरला धाडतात. गोळीवर संशय घ्यावा कोणी, आणि कशाच्या आधारे? वेष्टन चकचकीत, तारीख मुदतीतली, कागदपत्रे चोख. तालुक्याच्या औषधनिर्मात्यापाशी गोळ्या मोजायला नोंदवही असते. त्या पारखायला काही नसते.

तेव्हा आधी तपासणी व मग वाटप, हाच क्रम हवा. त्यात अशक्य काही नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या तामिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळात प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत उतरल्याखेरीज ती रुग्णालयांकडे जाऊ द्यायची नाही, अशी पद्धत आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. पण स्वस्त खरेदी आणि सुरक्षित खरेदी एक नव्हे. गोळीत औषध आहे की नाही एवढे जागेवरच सांगणारी, एका पेटीत मावणारी चाचणीसाधने आफ्रिकेतील कित्येक देशांत वापरली जातात. जिल्ह्याच्या भांडारात अशी एक पेटी ठेवावी. प्रयोगशाळेचा शेरा येईपर्यंत खोकी फोडू नयेत, आणि त्या शेऱ्याखाली सही करणाऱ्याचे नाव वाचता येईल असे असावे.